आई-बाबांचा औषध विमा: फार्मासिस्टला काय विचारायचं आणि कधी

डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडतो, पार्ट डीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या औषध विम्याच्या, नोंदणीची मुदत संपत आलेली असते आणि आईचं औषध घ्यायला गेलेला मुलगा फार्मसीच्या रांगेतच विचारतो, "आईसाठी कोणता प्लॅन चांगला?" मागे माणसं खोळंबलेली असतात. फार्मासिस्ट काहीतरी मोघम बोलतो. घरी येऊन आपण म्हणतो, या लोकांना काही ठाऊक नसतं.

त्यांना पुष्कळ ठाऊक असतं. कोणती योजना कोणत्या औषधाला अडवते, कुणाचा को-पे (औषध घेताना खिशातून द्यायचा हिस्सा) जानेवारीत अचानक वाढला, कोणती गोळी बदलली तर पैसे वाचतात, हे रोज त्यांच्या डोळ्यांसमोरून जातं. ते काढून घ्यायचं तर प्रश्न नेमका हवा, कागद हातात हवेत आणि वेळ योग्य हवी. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, मेडिकेअर असलेल्या आई-वडिलांसाठी आणि त्यांचे कागद सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. रकमा २०२६ च्या आहेत.

आधी हे समजून घ्या: फार्मासिस्टच्या मर्यादा

मेडिकेअरच्या नियमांनुसार फार्मासिस्टला योजनांबाबत तटस्थ राहावं लागतं. आपली फार्मसी कोणकोणत्या योजना स्वीकारते हे तो सांगू शकतो. मेडिकेअरचं संकेतस्थळ किंवा मोफत सल्ला केंद्र दाखवू शकतो. 'एक्स्ट्रा हेल्प' या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या औषध-खर्चाच्या मदतीच्या अर्जाची माहिती देऊ शकतो. मात्र स्वतःच्या फायद्यासाठी "हीच योजना घ्या" असा आग्रह धरणं, काउंटरवर नोंदणीचा अर्ज भरून घेणं किंवा नोंदणी करून दिल्याबद्दल पैसे घेणं त्याला मना आहे. म्हणून "कोणता प्लॅन घेऊ?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरं. काही मोठ्या फार्मसी साखळ्या आणि विमा कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या आहेत हेही लक्षात असू द्या.

दुसरं असं, की औषधाच्या पिशव्या देणारी, पैसे घेणारी व्यक्ती बहुधा टेक्निशियन असते. विम्याचा दावा का अडला हे टेक्निशियनला अनेकदा चटकन सांगता येतं. औषध बदलता येईल का, दोन औषधं एकत्र चालतील का, हे मात्र फार्मासिस्टलाच विचारायचं.

सावधान: मेडिकेअर मिळण्याची पात्रता, ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षांचं वास्तव्य, पार्ट ए (रुग्णालयाचा विमा) आणि बी (डॉक्टर व तपासण्यांचा विमा) यांची नोंदणी हे विषय सोशल सिक्युरिटी कार्यालयाचे आहेत. पार्ट ए किंवा बी असल्याशिवाय पार्ट डी मिळत नाही. तिथे फार्मासिस्टच्या अंदाजावर विसंबू नका.

टप्पा १: सप्टेंबरअखेर कागद एकत्र करा

योजना बदलण्याची वार्षिक मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर आणि नवी योजना १ जानेवारीपासून लागू. तयारी मात्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. चालू योजनेकडून 'ॲन्युअल नोटिस ऑफ चेंज' नावाचं पत्र ३० सप्टेंबरपर्यंत येतं. जाहिरातींच्या ढिगात ते फेकलं जातं, आणि नेमकं तेच सगळ्यांत कामाचं असतं. पुढच्या वर्षी प्रीमियम, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम), औषधांची यादी आणि फार्मसी यांत काय बदलणार ते त्यात असतं.

एका फाइलमध्ये एवढं ठेवा:

- मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड
- औषध योजनेचं कार्ड. त्यावर बिन, पीसीएन, ग्रुप आणि सदस्य क्रमांक असतात, फार्मसीला तेच लागतात
- हे वार्षिक बदलांचं पत्र
- नोकरीतून किंवा जोडीदाराच्या नोकरीतून विमा असेल तर 'क्रेडिटेबल कव्हरेज'चं पत्र
- एक्स्ट्रा हेल्प किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) मिळत असेल तर त्याचं पत्र

क्रेडिटेबल कव्हरेजचं पत्र म्हणजे "आमचा औषध विमा मेडिकेअरच्या तोडीचा आहे" असा कंपनीचा लेखी दाखला. पात्र झाल्यावर मिळणारी पहिली नोंदणी मुदत संपल्यानंतर असा विमा नसताना सलग ६३ किंवा त्याहून अधिक दिवस गेले, तर पुढे पार्ट डी घेताना दंड लागतो. दर पूर्ण महिन्याला राष्ट्रीय मूळ प्रीमियमच्या १ टक्का असा हिशेब आहे. २०२६ मध्ये तो मूळ प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. २० महिने रिकामे गेले असतील, तर दरमहा सुमारे ७.८० डॉलर जास्तीचे. हा दंड बहुतेकांना पार्ट डी असेपर्यंत भरावा लागतो आणि मूळ प्रीमियम बदलला की दंडही बदलतो. "बाबांना एकही गोळी नाही, कशाला विमा?" असं म्हणून थांबणारी घरं इथे अडकतात.

योजनेचं कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका. मेडिकेअर कार्ड दाखवलं की फार्मसी संगणकावर चौकशी पाठवून कोणत्या पार्ट डी योजनेत नाव आहे ते शोधू शकते. त्याला ते 'ई-वन' म्हणतात. कोणती योजना चालू आहे हेच घरात कुणाला नक्की माहीत नसेल तर पहिलं काम हेच.

टप्पा २: औषधांची यादी, अमेरिकेतल्या नावांनी

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

भारतातून आणलेल्या औषधांची नावं फार्मासिस्टच्या संगणकात सापडत नाहीत. 'थायरोनॉर्म' सांगून उपयोग नाही, 'लेव्होथायरॉक्सिन' सांगा. 'टेल्मा' म्हणजे टेल्मिसार्टन, 'ग्लायकोमेट' म्हणजे मेटफॉर्मिन, 'इकोस्प्रिन' म्हणजे ॲस्पिरिन. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. भारतात दोन-तीन औषधं एकाच गोळीत घातलेली असतात. प्रत्येक घटक वेगळ्या ओळीत, मिलिग्रॅमसकट लिहा. काही घटक अमेरिकेत मिळतच नाहीत. पित्ताच्या अनेक भारतीय गोळ्यांत पँटोप्रॅझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं, त्याला इथे मान्यता नाही. असं औषध कोणत्याही योजनेच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही, त्याला पर्याय डॉक्टरांना विचारावा लागेल.

यादीत प्रत्येक औषधासमोर पाच गोष्टी हव्यात: नाव, ताकद, प्रकार (गोळी, कॅप्सूल, थेंब, इंजेक्शन), दिवसातून किती वेळा आणि महिन्याला किती नग. 'मेटफॉर्मिन ५००' एवढं पुरत नाही. साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी 'एक्सटेंडेड रिलीज' गोळी या विमा योजनेसाठी दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे दर फार वेगळे असू शकतात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, हळदीच्या कॅप्सूल, व्हिटॅमिनं हेही लिहा. विमा त्यांचे पैसे देत नाही, पण फार्मासिस्टला परिणाम तपासायला ते लागतात. आई-बाबा हे लपवतात, कारण आपण रागावू असं त्यांना वाटतं. त्यांच्याजवळ बसून, डबा उघडून, न चिडता विचारा.

तपासा: यादीतली प्रत्येक ओळ प्रत्यक्ष बाटलीशी किंवा पाकिटाशी ताडून पाहिली का? आठवणीतून केलेली यादी बहुधा चुकते. बंद झालेलं औषध तसंच राहतं, नवं सुटतं.

टप्पा ३: वेळ ठरवून जा

सोमवार, महिन्याचा पहिला आठवडा आणि संध्याकाळी लोक कामावरून परततात ती वेळ टाळा. आधी फोन करून विचारा, "पार्ट डीबद्दल फार्मासिस्टशी दहा-पंधरा मिनिटं बोलायचंय, कधी येऊ?" ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम. नोव्हेंबरअखेर फ्लूची लस आणि मुदतीची घाई एकत्र येतात, तेव्हा कुणालाच सवड नसते.

सगळी औषधं एकाच फार्मसीतून घेत असाल तर तिथेच जा, कारण वर्षभराचा इतिहास तिथे आहे. दोन-तीन ठिकाणांहून घेत असाल तर प्रत्येक ठिकाणाहून वर्षाची छापील यादी मागा.

आई-बाबांना शक्यतो बरोबर न्या. रुग्ण समोर असेल आणि त्याची हरकत नसेल, तर फार्मासिस्ट मुलामुलींसमोर मोकळेपणानं बोलू शकतो. एकटेच गेलात तर खासगी माहिती म्हणून तो थांबेल, आणि त्याचं बरोबर आहे. इंग्रजी अवघड जात असेल तर मराठी दुभाषा मागा. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या फार्मसीला ही मदत मोफत द्यावी लागते, बहुतेक ठिकाणी ती फोनवर मिळते. मी तर म्हणेन, इंग्रजी येत असलेल्या मुलानंही दुभाषा घ्यावा. मग आई स्वतः बोलते, आणि मुलाला माहीत नसलेल्या तक्रारी तिथे कळतात.

टप्पा ४: काउंटरवरचे प्रश्न, याच क्रमानं

पहिला प्रश्न: "या यादीत काही दुहेरी आहे का, काही सोडता येण्यासारखं आहे का?" विम्याआधी हा प्रश्न घ्या. जे औषध लागतच नाही त्याला धरून योजना निवडणं म्हणजे पैसे वाया. बंद करायचा निर्णय मात्र डॉक्टरांचा. फार्मासिस्टची सूचना लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरा: "यातली महागडी कोणती, आणि त्यांना जेनेरिक किंवा त्याच गटातलं स्वस्त औषध आहे का?" फार्मासिस्टचं ज्ञान सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते इथे. एलिक्विस, झारेल्टो, जार्डियन्स, फारसिगा, जॅन्युव्हिया, एन्ट्रेस्टो यांसारख्या औषधांचे मेडिकेअरनं वाटाघाटी करून ठरवलेले दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले आहेत, आणि ती औषधं पार्ट डी योजनांच्या यादीत असावी लागतात. तरी कोणत्या पायरीत (योजना औषधांचे दरानुसार गट करते, त्यांतल्या कोणत्या गटात), कोणत्या को-पेनं, हे योजनेगणिक बदलू शकतं.

तिसरा: "गेल्या वर्षात कोणत्या औषधाला अडथळा आला?" दावा पाठवला की योजनेकडून क्षणात उत्तर येतं आणि नाकारला असेल तर पडद्यावर एक क्रमांक उमटतो. ७० म्हणजे औषध यादीत नाही. ७५ म्हणजे आधी मंजुरी हवी. ७६ म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मागितलं. ७९ म्हणजे रिफिल फार लवकर. "विमा चालत नाही" एवढ्यावर परत येऊ नका, क्रमांक आणि कारण विचारून लिहून घ्या. चारही वेळा पुढचा रस्ता वेगळा आहे.

चौथा: "रोखीनं घेतलं तर स्वस्त पडेल का?" पूर्वी काही करारांमुळे फार्मासिस्टला हे सांगता येत नसे. २०१८ च्या कायद्यानं ती बंदी उठली. विचारा, तो सांगेल. पण एक मेख आहे. विमा बाजूला ठेवून रोखीनं किंवा सवलत कूपनवर घेतलेलं औषध साधारणपणे वार्षिक कमाल खर्चात धरलं जात नाही. ही मर्यादा २०२६ मध्ये २,१०० डॉलर आहे. यादीतल्या औषधांवर स्वतःच्या खिशातून एवढा खर्च झाला की त्या वर्षात पुढे काही द्यावं लागत नाही. प्रीमियम त्यात धरत नाहीत. स्वस्त गोळ्या घेणाऱ्याला रोख परवडेल. महागडं औषध चालू असेल तर सगळं विम्यातूनच घ्या.

पाचवा: "तुमची फार्मसी कोणत्या योजनांत प्रीफर्ड आहे?" नेटवर्कमध्ये असणं, म्हणजे योजना तिथे चालणं, आणि प्रीफर्ड असणं, म्हणजे योजनेनं पसंती दिलेली, सहसा कमी को-पेची फार्मसी असणं, यांत फरक आहे. त्याच योजनेत, त्याच गोळीचा को-पे दोन फार्मसींत वेगळा असू शकतो.

सावधान: औषध कंपन्यांची को-पे कूपनं मेडिकेअरच्या विम्यासोबत चालत नाहीत. शेजाऱ्याला चालली असतील, पण त्याचा विमा नोकरीतला असतो.

टप्पा ५: घरी येऊन तुलना

मेडिकेअरच्या संकेतस्थळावरच्या 'प्लॅन फाइंडर'मध्ये झिप कोड, टप्पा २ ची दुरुस्त यादी आणि आपल्या फार्मसी भरा. निकाल प्रीमियमच्या क्रमानं लावू नका. औषधांचा खर्च आणि प्रीमियम मिळून वर्षाचा एकूण आकडा बघा. शून्य प्रीमियमची योजना वर्षअखेर महाग पडल्याचं मी अनेक घरांत पाहिलंय. डिडक्टिबलही बघा. २०२६ मध्ये ते जास्तीत जास्त ६१५ डॉलर असू शकतं, काही योजनांत शून्य असतं, काहींत फक्त वरच्या पायऱ्यांतल्या औषधांना लागतं.

आईची आणि बाबांची तुलना वेगवेगळी करा. पार्ट डीमध्ये जोडप्याची एकत्र योजना नसते, आणि एकाला सोयीची ती दुसऱ्याला नसू शकते.

इन्सुलिन घेत असाल तर यादीतल्या प्रत्येक इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत, डिडक्टिबल बाकी असलं तरी. शुगर तपासायच्या पट्ट्या मात्र पार्ट बीमध्ये येतात. त्या पार्ट डीच्या तुलनेत भरून गोंधळ करू नका.

टप्पा ६: पुन्हा फार्मसीत, फक्त पडताळणीला

निवडलेल्या दोन-तीन योजनांची पूर्ण नावं घेऊन जा किंवा फोन करा. एकाच कंपनीच्या तीन योजनांची नावं एका शब्दानं वेगळी असतात, म्हणून अर्धवट नाव सांगू नका. पुढच्या वर्षी या योजनेत तुम्ही प्रीफर्ड असाल का, आणि तीन महिन्यांचा साठा इथे स्वस्त की टपालानं, एवढंच विचारा. हीच खातरजमा योजनेला फोन करूनही करा. जानेवारीचे करार काउंटरवरच्या माणसाला ऑक्टोबरमध्ये ठाऊक असतीलच असं नाही.

टप्पा ७: सल्ला हवा तर 'शिप'कडे

"मग ठरवायला मदत कोण करणार?" राज्य आरोग्य विमा साहाय्य कार्यक्रम, म्हणजे शिप. प्रत्येक राज्यात आहे, मोफत आहे, आणि तिथला सल्लागार काही विकत नाही. राज्यागणिक नाव वेगळं असतं, फार्मासिस्ट किंवा १-८००-६३३-४२२७ ही मेडिकेअरची लाइन नंबर देते. ही लाइन दिवसरात्र चालू असते, दुभाषा मिळतो. यादी आणि काउंटरवरची टिपणं बरोबर न्या, सल्लागाराचं निम्मं काम झालेलं असतं.

उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्पचा अर्ज सोशल सिक्युरिटीकडे करा. आपल्या लोकांची नेहमीची चूक अशी, की "मुलगा एवढा कमावतो, आम्हाला कसं मिळेल?" म्हणून अर्जच करत नाहीत. हिशेबात अर्जदाराचं आणि एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न व मालमत्ता धरतात, मुलाचा पगार नाही. भारतातल्या ठेवी आणि घरभाडं मात्र प्रामाणिकपणे दाखवा. ही मदत मिळाली की उशिराचा दंडही लागत नाही.

टप्पा ८: नोंदणी

नोंदणी मेडिकेअरच्या संकेतस्थळावर, त्या लाइनवर किंवा थेट योजनेकडे करा. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. मेडिकेअर ॲडव्हान्टेजची, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरची, एचएमओ किंवा पीपीओ प्रकारची योजना असताना वेगळी पार्ट डी योजना घेतली, तर ॲडव्हान्टेजमधून नाव निघून मूळ मेडिकेअरमध्ये जातं. आणि निवृत्तांना कंपनीकडून विमा असेल, तर पार्ट डी घेतल्यानं तो स्वतःचा आणि जोडीदाराचाही जाऊ शकतो. आधी कंपनीच्या लाभ विभागाला विचारा.

सावधान: मेडिकेअरचा क्रमांक मागणारा फोन आपणहून आला तर ठेवून द्या. आई-बाबांना हे लिहून फोनशेजारी चिकटवा.

टप्पा ९: जानेवारीतली पहिली रिफिल

नवं कार्ड आलं की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ते फार्मसीत नोंदवा. जुनं कार्ड संगणकात राहिलं की दावा नाकारला जातो आणि लोक औषध न घेताच परत येतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा.

औषध अडलं तर क्रमानं असं करा:

१. क्रमांक विचारा. औषध मिळणार नसेल तर फार्मसीनं 'मेडिकेअर औषध विमा आणि तुमचे हक्क' हे छापील पत्रक द्यायचं असतं. ते मागून घ्या.
२. "ट्रान्झिशन फिल मिळेल का?" हे विचारा. आधीपासून चालू असलेलं औषध नव्या योजनेत नसेल किंवा त्याला मंजुरी लागत असेल, तर पहिल्या ९० दिवसांत एकदा साधारण महिनाभराचा तात्पुरता साठा मिळतो. तो पर्याय शोधायला मिळालेला अवधी समजा.
३. डॉक्टरांच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. मंजुरीसाठी किंवा अपवादासाठी कागद त्यांनी पाठवायचा असतो, फार्मासिस्ट त्यांना विनंती पाठवू शकतो. योजनेला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो, तब्येतीला धोका असेल तर २४ तासांत. अपवादाच्या अर्जात हे तास डॉक्टरांचं कारणपत्र पोचल्यापासून मोजतात, म्हणून ते गेलं का याचा पाठपुरावा करा.

एखाद्या औषधाचं बिल जानेवारीतच शेकडो डॉलर आलं, तर 'मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन' घेता येतो. एकूण खर्च त्यानं कमी होत नाही, वर्षभरात वाटला जातो. नाव योजनेकडे नोंदवायचं, काउंटरवर नाही. वर्षाच्या सुरुवातीला घेतला तर फायदा, ऑक्टोबरमध्ये घेऊन फारसा उपयोग नाही.

नागिणीची, धनुर्वाताची, आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची लस शिफारशीत बसत असेल तर पार्ट डीमध्ये पैसे न भरता मिळते. ती फार्मसीतच घ्या. डॉक्टरांकडे घेतली तर आधी पैसे भरून मग योजनेकडे मागत बसावं लागू शकतं.

भारतात जायचं असेल तर

पार्ट डी अमेरिकेबाहेर घेतलेल्या औषधांचे पैसे देत नाही. तीन महिन्यांसाठी जाणार असाल, तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी फार्मसीत तारखा सांगून 'व्हेकेशन ओव्हरराइड' मागा. लवकर रिफिल म्हणून येणारा ७९ क्रमांकाचा नकार योजना त्यावर उठवू शकते, फोन फार्मसी करते किंवा तुम्ही योजनेला करता. आदल्या दिवशी संध्याकाळी हे जमत नाही. ॲडव्हान्टेज योजना असेल आणि मुक्काम सलग सहा महिन्यांपुढे जाणार असेल, तर साधारणपणे नाव कमी होतं. तिकीट काढण्याआधी योजनेला विचारा, आणि परतल्यावर पुन्हा नोंदणीसाठी खास मुदत किती मिळेल तेही त्याच फोनवर लिहून घ्या.